बाबांची मूठ

राजूरच्या आमच्या घरात दोन धर्म एकाच ताटात जेवायचे. बाबा कोळशाच्या खाणीतले, घराणं बौद्ध, कुणापुढे मिनतवारी करायची नाही हा त्यांचा बाणा. आई मात्र एका मोठ्या आजारातून उठल्यावर शेजारणीबरोबर प्रार्थनेला जाऊ लागली आणि ख्रिस्ती झाली. बाबांनी तिला अडवलं नाही. टोमणे तेवढे मारले.

"तुह्या येशूनं सगळ्याइले वाचवलं म्हणते ना? मंग मीबी वाचलोच. झोपू दे मले."

"फुकट हाय, पण घ्या लागते," आई म्हणायची. "विश्वास ठेवल्याबिगर कसं भेटन?"

बाबा हसण्यावारी न्यायचे. आईला हसू येत नसे. दार सगळ्यांना उघडं आहे, पण हा माणूस उंबरठ्यावरूनच परत फिरणार, या भीतीनं ती आतून पोखरली होती. एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, "हे नसले तर मी तिथं जाऊन काय करू?" मला तिचा राग आला. इथं जिवंत माणूस खोकतोय आणि हिला मेल्यानंतरची काळजी.

मग बाबांना लकवा मारला. वाचा गेली. उजवं अंग लुळं पडलं, डावा हात तेवढा हलायचा. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांचं सगळं आम्ही दोघी करायचो. डाव्या हाताला जे लागेल ते बाबा मुठीत आवळून धरायचे. चमचा, चादरीचं टोक, माझी वेणी. बोटं एकेक करून उकलावी लागत. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आधीच सांगितलं होतं, मेंदूला मार बसला की हात असा आपोआप आवळतो, त्यात माणसाची इच्छा नसते.

एका रविवारी प्रार्थना संपवून आईच्या चर्चचे पास्टर घरी आले, मागे मंडळीही. बाबांच्या डाव्या तळव्यात स्वतःचा हात ठेवून ते मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, येशूवर विश्वास ठेवत असान तर माहा हात दाबा."

बाबांनी दाबला. गच्च. पास्टरांचे डोळे भरून आले. मंडळी हालेलुया म्हणाली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मी बाबांकडे पाहत होते. त्यांची नजर छताच्या पत्र्यावर होती, नेहमीसारखीच. सगळे गेल्यावर मी पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी तितकीच गच्च धरली.

थोड्याच दिवसांत बाबा गेले. काकांनी त्रिसरण-पंचशील म्हणून त्यांना अग्नी दिला. आई एका बाजूला गप्प उभी राहिली. लोकांना तिच्या शांतपणाचं नवल वाटलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लागला की ती मला विचारते, "त्याइनं हात दाबला होता ना? तू पाह्यलं ना?"

"हो," मी म्हणते. दुसरं काय म्हणणार? मनात चीड येते, पास्टरांची, नर्सबाईंची, त्या मुठीचीसुद्धा.

परवा आम्ही तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मान वर न करता आई म्हणाली, "तो हात काहीबी धरे. माहा पदर सोडवता सोडवता मी थकून जाओ. मले मालूम हाय."

माझा हात थांबला. "मंग मले रोज काहून विचारतं?"

दाण्यांतला किडका दाणा उचलून तिनं बाजूला टाकला.

"तू हो म्हणतं, तवा मले झोप लागते," ती म्हणाली. "आजबी हो म्हणजो."