बाबाचा वाटा

वैजूला मी कुठलीच गोष्ट पुरती खाताना पाहिली नाही. वडापाव असो, चिक्की असो, घरून आणलेली तांदळाची भाकरी असो. ती आधी एक तुकडा मोडून कागदाच्या कडेला ठेवायची, मग उरलेलं खायची. शेवटी तो कडेचा तुकडा माझ्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, "घे गे डोंगराची बाय. बाबाचा वाटा हाय."

पहिल्यांदा मी हात मागे घेतला होता. पालघरच्या कॉलेजात आमचा तो पहिलाच महिना होता आणि आम्ही कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर बसलो होतो. तुझ्या बाबांचा वाटा मी कसा खाऊ, असं मी विचारलं. ती हसली. "बोटीवर मासळीचे वाटे पडतात. मालकाचा, बोट हाकणाऱ्या तांडेलाचा, खलाशांचा. एखादा खलाशी तापानं आडवा पडला तरी त्याचा वाटा मोडत नाय कोणी. मंग माझा बाबा आडवा पण नाय पडला, नुसता अडकलाय. त्याचा कसा मोडू? मी इकडं कोणाला तरी खायला घातलं, की तिकडं त्याला कोणीतरी घालंल."

तिकडं म्हणजे पाकिस्तानात. वैजूचे बाबा सौराष्ट्रातल्या एका मालकाच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचे. बोट हद्दीच्या पलीकडे गेली म्हणून तिकडच्या लोकांनी ती खलाशांसकट नेली आणि ते सगळे तिकडच्या तुरुंगात पडले. वैजू तेव्हा दहावीत होती. मी तिला भेटले तेव्हाही ते तिथेच होते. घरात आई, धाकटा भाऊ, आणि सुकी मासळी विकून चालणारं सगळं.

वैजू कशी होती हे मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. दिसायला साधीच, माझ्यासारखी. पण ती बोलायला लागली की आजूबाजूची माणसं आपलं बोलणं थांबवायची. मी विक्रमगडकडची, डोंगरातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बोलताना आपल्या तोंडून गावचा शब्द निघेल या भीतीने मी प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघायची, आणि तोवर बोलायची वेळ निघून गेलेली असायची. वैजू 'हाय' आणि 'नाय' म्हणतच प्राध्यापकांशीसुद्धा बोलायची. कोणी हसलं तर म्हणायची, "हसा. कळलं ना काय बोलले ते? मंग झालं." मला तिचा हेवा तिथपासूनच वाटायला लागला. तो पुढे वाढतच गेला, म्हणून आधीच सांगून टाकते.

दुसऱ्या वर्षी आम्ही दोघी एका मंचात गेलो. बोईसरला स्टेशनजवळ एका क्लासच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी बैठक असे. खाली रिक्षावाल्यांची हिंदी हाळी, वर आम्ही पंचवीसतीस मुलं. त्या शेजारी देशाबद्दल वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर काय येतं यावर लक्ष ठेवणं हे मंचाचं काम. कुठे त्या देशाबद्दल मवाळ लेख आला की आम्ही संपादकांना पत्रं लिहायची, वाहिनीला फोन करायचे, मोबाइलवर उत्तरं टाकायची. मुद्दे मंच द्यायचा, शब्द मात्र ज्याचे त्याचे. पत्रं वेगवेगळ्या गावांतून आलेली वाटली पाहिजेत, असा नियमच होता.

हे सगळं बघायचे अभय सर. मुंबईहून यायचे. शांत माणूस, कधी आवाज चढवायचे नाहीत. ते म्हणायचे, "लोकांचं मत आकड्यांनी बनत नाही. एक चेहरा, एक जखम, एक मागणी. एवढंच लोकांच्या लक्षात राहतं."

माझं लिहिणं तिथे सगळ्यांत चांगलं होतं. हे मी नाही, अभय सरच म्हणायचे. मी हॉस्टेलवर बसून एकेक पत्र चारदा लिहायची. एकदा माझं पत्र छापून आलं. धावत जाऊन पेपर घेतला, तर खाली लिहिलेलं होतं, 'एक वाचक, पालघर'. वैजू म्हणाली, "अगं पण आलं ना! मंग वाचक तूच ना ती?" तिला धड एक परिच्छेद लिहिता येत नव्हता. तिने सांगायचं आणि मी लिहायचं, अशीच तिची पत्रं तयार व्हायची.

मग एका रविवारी सरांनी सहज विचारलं, कोणाच्या घरचं कोणी तिकडे अडकलंय का? वैजूने हात वर केला. मी तिच्या शेजारीच बसले होते. सर तिच्याकडे बघायला लागले ते बघतच राहिले. त्या क्षणी मंचाला चेहरा मिळाला.

लगेच तिथेच फळ्यासमोर उभं करून तिचं बोलणं मोबाइलवर घेतलं. आई रोज भरतीच्या वेळेला किनाऱ्यावर जाऊन उभी राहते, भाऊ बाबांचा चेहरा विसरत चाललाय, असं सगळं तिने सांगितलं. शेवटी वाट्याचं सांगितलं. तिकडे कोणीतरी बाबाला खायला घालत असेल, असंही म्हणाली. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी, हे माझ्याकडे का नाही, असं वाटत होतं.

हो, तेच म्हणायचंय मला. तिच्या दुःखाचाही मला हेवा वाटला. माझा बाबाही दिवाळी झाली की घरातून जातो तो पावसाच्या तोंडाशी परत येतो. आईही जाते कधी कधी. आम्ही भावंडं आजीजवळ वाढलो. पण माझा बाबा ज्या परमुलखात अडकतो त्याचं नाव भिवंडी. तिथे वीटभट्ट्या आहेत, सरहद्द नाही. त्याच्याबद्दल कोणी कधी हात वर करायला सांगितलं नाही.

व्हिडिओ खूप लोकांनी पाहिला. आमच्या हॉस्टेलच्या मावशींनीही पाहिला आणि मला म्हणाल्या, "तुझी मैत्रीण ना गं ही? केवढी धीट!" पण त्यात वाट्याची गोष्ट नव्हती. भाऊ चेहरा विसरत चाललाय, तिथे तो संपत होता, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'या देशाला माणुसकी कधी कळणार?'

वैजूने तो कट्ट्यावर बसून पाहिला. मग अभय सरांना फोन लावला. "सर, माझी शेपटी कुठं गेली?"

सर काहीतरी म्हणाले असावेत.

"तसं नाय सर. डोकं, शेपूट छाटून मासा विकायला ठेवला की गिऱ्हाईक विचारतंच, ताजा का शिळा? तुमी माझं अर्धंच ठेवलंत."

पुन्हा ते बराच वेळ बोलले. फोन ठेवून ती म्हणाली, "सर सांगतात, एवढ्यानं मोठी माणसं बघतील, बाबाचं काम होईल." मग मोबाइल पिशवीत टाकला. "होऊ दे बाय. बाबा येत असंल तर शेपटी गेली खड्ड्यात."

सरांनी तिच्यासाठी धावपळ केली, हे मी मुद्दाम सांगते. खात्याखात्यांत अर्ज दिले, आईला सोबत घेऊन मुंबईला गेले. माझ्यासाठी ते कधी कुठे गेले नाहीत, पण माझं तसं कामच नव्हतं.

मग दुसऱ्या एका संस्थेच्या बाई तिला फोन करू लागल्या. त्यांना लोकांच्या मनात त्याच देशाबद्दल चांगलं मत तयार करायचं होतं. तिकडे कैद्यांना बरं वागवतात, एवढं वैजूने कॅमेऱ्यासमोर म्हणावं, अशी त्यांची इच्छा. वैजूने विचारलं, "बाई, तुमी बघून आलात?" त्या म्हणाल्या, नाही. "मी पण नाय. मंग कोण बोलंल?" असं म्हणून तिने फोन ठेवला. मी बाजूलाच होते. दोन संस्था, दोन उलट मतं, आणि दोघींनाही हवी होती ती वैजूच. त्या दिवशीचा बाबाचा वाटा मी तिच्याकडे न बघता खाल्ला.

शेवटचं झालं ते केळव्याला. मंचाचं शिबिर नारळी-पोफळीच्या एका वाडीत होतं. एका वाहिनीची माणसं येणार होती, समुद्राकडे पाठ करून वैजूला बोलतं करणार होती. तिचं बोलणं मी लिहिलं होतं. सरांनी मला तसं सांगितलं होतं आणि मी मन लावून लिहिलं होतं. 'ज्या देशाच्या काळजात दया नाही, त्या देशाशी बोलायचं तरी काय?' असा त्याचा शेवट होता. सर वाचून म्हणाले होते, "वा!" त्या एका 'वा'वर मी आठवडाभर जगत होते.

कॅमेरा सुरू झाला. वैजू किनारा, आई, भाऊ इथपर्यंत छान बोलली. मग थांबली आणि म्हणाली, "तिकडच्या पण बोटी आपल्याकडं पकडून आणतात. तिकडं पण कोणाची तरी पोर माझ्यासारखा वाटा काढत असंल. तिच्या बाबाला इकडं कोणीतरी खायला घाला."

सर शांतपणे म्हणाले, "वैजंती, पुन्हा एकदा घेऊ. शेवटचं वाक्य लिहिलंय तसं."

पुन्हा घेतलं. पुन्हा ती तिथेच आली. कॅमेरावाला घाम पुसत म्हणाला, "सर, ऊन सरकतंय."

अभय सर तिच्याजवळ गेले. "तू म्हणतेस ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण हे ऐकून लोकांना राग येणार नाही. राग आला नाही तर दबाव येत नाही. तुझ्या बाबांसाठीच सांगतोय."

वैजू त्यांच्याकडे बघत राहिली. तिची मान ताठ होती, पण ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळणं चाललं होतं. ती घाबरली होती, हे मला एकटीलाच कळत होतं. एवढी धावपळ केलेल्या माणसाला नाही म्हणायचं, आणि त्यामुळे बाबांचं काम अडलं तर?

"सर, माझा बाबा त्यांच्या ताटात जेवतोय," ती म्हणाली. "तुमी इकडून शिवी फेकणार. ती त्या देशाला लागंल का नाय, मला माहीत नाय. पण पडंल त्याच ताटात. मी नाय बोलणार."

तिने गळ्याजवळचा माइक काढून कॅमेरावाल्याच्या हातात दिला आणि ती वाडीत निघून गेली.

मग सरांची नजर माझ्यावर आली. "तू बोलशील? तुला सगळं पाठ आहे."

मला पाठच होतं. मीच लिहिलेलं. कॅमेरावाला माइक घेऊन माझ्याकडे यायला लागला. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला वैजूची आठवणसुद्धा झाली नाही. तेवढ्यात वाहिनीच्या मुलीने विचारलं, "यांचं कोण आहे तिकडे?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "मी तिची मैत्रीण."

ती मुलगी सरांकडे वळली. "मग राहू दे ना सर. नुसत्या मैत्रिणीचं काय घ्यायचं?"

माइक परत पेटीत गेला.

मी वाडीत गेले तेव्हा वैजू विहिरीच्या काठावर बसून शिबिरातली भजी खात होती. डोळे लाल, तोंड चालू. मला बघून तिने कागदाची कडा पुढे केली. तिथे तीनचार भजी काढून ठेवलेली होती. "घे. आज वाटा मोठा हाय. बाबाला आज लागंल."

तिथून पुढे आम्ही मंचात गेलो नाही. ती गेली नाही ते समजण्यासारखं आहे. मी का गेले नाही, याचं उत्तर मला तेवढं चांगलं देता येत नाही. मला पुन्हा कोणी बोलावलंच नाही.

त्यानंतर ती वर्षभर झोपेत बडबडायची, असं तिची आई सांगते. मी नाय बोलले म्हणून बाबा तिकडंच राहिला, असं. कॉलेजात मात्र तिने कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही. तुकडा मोडायची, कडेला ठेवायची, मला द्यायची.

मग ते आले. दोन सरकारांत काहीतरी ठरलं आणि खलाशांची एक तुकडी सुटली, त्यात वैजूचे बाबा होते. मंचाने म्हटलं, हे आमच्या दबावामुळे झालं. त्या बाईंची संस्था म्हणाली, हे मैत्रीमुळे. वैजूला कोणी विचारलं नाही आणि तिने कोणाला सांगितलं नाही. तिने मला फक्त जेवायला बोलावलं.

खाडीकाठच्या त्या घरात बोंबलाचं कालवण होतं. तिचे बाबा भिंतीला टेकून बसले होते, वाळलेले, केस पांढरे. वैजू त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, ही ती. तुझा वाटा हीच खायची."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "एवढं खाऊन पण काडीच ऱ्हायली?" सगळे हसले. मग ते ताटाकडे बघत म्हणाले, "नीट खायचीस ना, बाय? टाकायची नायस ना?"

"नाही," मी म्हणाले. "कधीच नाही."

"म्हणूनच मंग. मला कमी नाय पडलं."

मी मान खाली घालून जेवत राहिले. त्या वाट्यातला प्रत्येक घास मी तिच्यावर जळत खाल्ला होता. तरी तो पोचला होता म्हणे.

त्या दिवशी वैजूने वाटा काढला नाही. माझी नजर सवयीने तिच्या ताटाच्या कडेला गेली, ते तिने पाहिलं. "काय बघतेस? वाट्याचा धनी आला." आणि तिने तिच्या ताटातली भाकरी पहिल्यांदाच माझ्यासमोर पूर्ण खाल्ली.

बाबांच्याने आता समुद्रावर जाववत नाही. वैजूने कॉलेज सोडलं आणि तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. मी बोईसरला उतरले की कधी कधी ती शिफ्टच्या बसच्या खिडकीत दिसते, शेजारणींना हसवत असते. तिच्या हातवाऱ्यांवरूनच कळतं की सगळी बस तिचं ऐकतेय. मी खालून हात करते. तिला संध्याकाळी घरी जाऊन बाबांच्या समोर बसून जेवायचं असतं. हेवा वाटायला एवढंही पुरतं.

परवा कट्ट्यावर डबा उघडला. नागलीची भाकरी आणि चटणी. शेजारी पहिल्या वर्षाची एक मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. मी भाकरीचा तुकडा मोडून झाकणाच्या कडेला ठेवला. उरलेली खाल्ली, आणि तो तुकडा तिच्यापुढे सरकवला.

"घे. बाबाचा वाटा हाय."

'हाय' तोंडातून निघून गेलं. मनात म्हणून बघायला वेळच मिळाला नाही.

"कुठं असतात तुझे बाबा?" तिने विचारलं.

"भिवंडीला."

ती हसली. "मग काय, जवळच तर आहे!"

"हो," मी म्हणाले. "खा तू."