स्वल्प म्हणजे किती?

या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. मंडळाने माझ्या मजकुरातला ‘स्वल्प’ हा शब्द कानडी समजून कापला. सु अधिक अल्प, संधी होऊन स्वल्प. बेंगळुरूचे रिक्षावाले तो दिवसभर वापरतात, एवढ्याने त्याचं संस्कृत कुळ बुडत नाही. मी तो परत घातला आहे. खरा राग मात्र गौरवमूर्तींवर आहे. इतरांची आतडी तपासणारे डॉ. रंगनाथराव, आपले अण्णा, स्वतःची तपासणी टाळत आहेत.

आमची ओळख याच शब्दावर झाली. माझ्या मोठ्या आतड्यात पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली गाठ, सापडली होती. आधीचे डॉक्टर म्हणाले, “स्वल्प आहे, तुकडे करून काढू.” जे. पी. नगरच्या दवाखान्यात अण्णांनी फोटो पाहिले, माझ्याकडून तो शब्द ऐकला आणि ते भडकले.

“स्वल्प म्हणजे किती? कोथिंबीर घेताय का? मिलिमीटर सांगा!” मग माझ्याकडे वळले. मी संस्कृत शिकवतो म्हणून ते मला मास्तर या अर्थी ‘मेष्ट्रे’ म्हणतात. “ऐका मेष्ट्रे. लहान गाठ तारेच्या फासात धरून कापतात, वीजही लागत नाही. मोठी, सपाट असली तर खाली पाणी टोचून उचलायची. तुकडे झाले तरी चालतं, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. तुमचीला मध्ये खळगा आहे. कर्करोगाची शंका आहे. ती सबंध सोलूनच काढायची, नाहीतर मुळाशी काय होतं ते कळणार कसं?”

“फार वेळ जाईल, सर,” अण्णांचे सहकारी म्हणाले.

“जाऊ दे. त्यांचं आतडं आहे, सुटणारी बस नव्हे.”

गाठ सबंध निघाली, कडा स्वच्छ, म्हणजे रोगमुक्त निघाल्या. अण्णांनी बाहेर येऊन माझ्या पत्नीला सगळं स्वतः समजावलं आणि तिच्या डब्यातला उपमाही संपवला.

पुढे अण्णांनाच सपाट गाठ निघाली. शिष्याने ती तुकड्यांत काढली, आणि ते योग्यच होतं. तिचे फोटो अण्णा वर्गात हौसेने दाखवतात. सहा महिने मात्र केव्हाच उलटले. विचारलं की, “नोडोण हो, बघू!” हेच उत्तर रुग्णाने दिलं असतं तर त्याला शेजारच्या बनशंकरी भागापर्यंत ऐकू जाईल असं झापलं असतं.

त्यांचा सदरा यंदा अंगावर लोंबतो आहे. आपण सगळे ते बघतो, आणि हार घालून गप्प बसतो. याचाही मला संताप येतो.

अण्णांना पंचाहत्तरीनंतरही भरपूर आणि निरोगी वर्षं मिळोत, हे मी मनापासून मागतो. पण आत काय असेल ते त्यांनी ताडलं आहे, आणि म्हणूनच ते तपासायला तयार नाहीत, अशी मला भीती वाटते.