कार्ब्युरेटरवाले लटारूभाऊ

लटारूभाऊंची मोटर गावात शिरायच्या आधीच मरायला लागे. म्हणजे तेच तिला मारत. तळ्याच्या वळणावर आलं की त्यांचा हात सीटखाली जायचा, पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि कार्ब्युरेटरात उरलेल्या घोटभर पेट्रोलवर ती लॉरी शाळेवरून, बाजाराच्या जागेवरून डुगडुगत यायची. माझ्या दवाखान्यासमोर आली की शेवटचा आचका देऊन थांबायची. ना अलीकडे, ना पलीकडे.

मी त्या गावात नर्स म्हणून रुजू झाले ती याच लॉरीतून. मूल नावाच्या बाजारगावाहून निघालो तेव्हा माझ्या शेजारी मिठाची पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि सासरी निघालेला एक जावई होता. दवाखान्यासमोर इंजिन धापा टाकत बंद पडलं तेव्हा मी वर्ध्याकडची शहाणी बाई म्हणाले, "बिघडली वाटतं." लटारूभाऊंनी खाली उतरून माझी ट्रंक काढली आणि म्हणाले, "बिघडली नाई बाई, पोचली."

पुढे ओळख झाल्यावर मी त्या कॉकचं कारण विचारलं. "कारबोरेटरात राह्यलेलं पेट्रोल उडून जाते," ते म्हणाले. "हवेले काऊन द्याचं?" हा त्यांचा आवडता प्रश्न होता. विडी अर्धी ओढून विझवताना, पातळ झालेला सदरा पुन्हा शिवताना, टाकी पार कोरडी झाल्याशिवाय नवा डबा न फोडताना, सगळीकडे तो लागू व्हायचा. माणूस चिक्कू नव्हता. दवाखान्यात न्यायच्या आजाऱ्याकडून त्यांनी कधी काही घेतलं नाही. पण एखादी गोष्ट आपल्या देखत वाया जाते आहे हे त्यांना बघवत नसे.

लॉरी लढाईत वापरलेली होती. लढाई संपल्यावर एका लाकडाच्या ठेकेदाराने ती लिलावात घेतली, लटारूभाऊ त्याच्याकडे ड्रायव्हर होते, आणि ठेकेदाराचा धंदा बसला तेव्हा मोटर यांच्या गळ्यात पडली. 'गळ्यात पडली' हा गावाचा शब्द. लटारूभाऊंच्या मते ती घरात आली होती. धानाच्या हंगामात ती मूलच्या गिरण्यांकडे पोती वाहायची, एरवी माणसं, मोहफुलं, डिंक, कधी बकऱ्या. रस्ता जंगलातला, धूळ बेसुमार, आणि ती धूळ पेट्रोलच्या वाटेत हटकून जायची. मोटर ठसके देऊ लागली की लटारूभाऊ सावली बघून थांबायचे, मांडीवर पंचा पसरायचे, कार्ब्युरेटर खोलायचे आणि त्यातली बारीक भोकाची पितळी नळी काढून तोंडाने फुंकायचे. मग एक डोळा मिटून ती आभाळाकडे धरायचे. पलीकडचा उजेड दिसला की झालं. तोवर प्रवाशांनी शिदोऱ्या सोडलेल्या असत. कुणी कुरकुर केली तर ते म्हणत, "एक पाना, एक पेचकस आन् एक तोंड. याच्यावर चालते आपली मोटर. तुमच्या घरी असं काय हाये सांगा?"

त्या तोंडाची मात्र दशा झाली होती. फुंकताना पेट्रोल आत जाई, डब्यातून नळीने ओढतानाही जाई. जीभ सोललेली, ओठांच्या कडा फाटलेल्या. मी त्यांना जांभळं औषध लावायची आणि मग ते जांभळ्या तोंडाने गावभर हिंडायचे. त्यांची बायको सगुणाबाई एकदा चुलीजवळ मला म्हणाली, "ह्यायले चवच नाई राह्यली बाई. काल वांग्यात मीठ टाकाचं राह्यलं, तं मुकाट्यानं जेवले. म्या खाल्लं तवा मले समजलं." मी त्यांना रागावले की ते सगळं ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फुंकायला बसत. मला त्यांचा खरोखर राग यायचा.

मोटरीत एक मोठा दोष होता आणि तो त्यांनाही मान्य होता. तिला पाणी सोसत नसे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडावी लागते. पाणी उडालं की ठिणगी मरते आणि इंजिन जागच्या जागी बसतं. गाव आणि मूल यांच्या मध्ये एक रुंद नाला होता. पूल नव्हता. उन्हाळ्यात त्यात वाळू असायची आणि पावसाळ्यात मोटर घरी बसायची. त्या महिन्यांत अडलेली बाळंतीण आली की बैलगाडी, नाहीतर खाट आणि खांदे.

एका श्रावणात जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे चार-दोन घरांच्या वस्तीवरून, एका गोंड शेतकऱ्याची बायको आली. पोटातलं मूल आडवं होतं. माझ्या हातात काही राहिलं नव्हतं. मूलच्याही पुढे, चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. नाल्याला पाणी मांडीइतकं होतं. लटारूभाऊंनी इंजिनाभोवती गोणपाट गुंडाळला, वर घोंगडी बांधली आणि मोटर पाण्यात घातली. ती मधोमध जाऊन बंद पडली. त्यांनी झाकण उघडलं, आपल्या सदऱ्याने ठिणगी पाडणारे प्लग पुसले, पुन्हा पुन्हा इंजिनाचा दांडा फिरवला. शेवटी टोल्यावरच्या पुरुषांनी त्या बाईला खाटेसकट खांद्यावर घेऊन पार केलं आणि पुढे गाडी मिळेपर्यंत चालत नेलं. ती बाई वाचली. मूल रडलंच नाही. लटारूभाऊ संध्याकाळपर्यंत नाल्यात मोटरीजवळ उभे होते, असं मला नंतर लोकांनी सांगितलं.

त्यांचा धाकटा भाऊ दौलत नागपूरला एका गॅरेजात कामाला होता. दिवाळीला आला तेव्हा त्याने विषय काढला. पेट्रोलचं इंजिन काढून टाकायचं, त्या जागी डिझेलचं बसवायचं. त्यात कार्ब्युरेटर नाही, प्लग नाही, ठिणगी नाही. एक पंप तेलाचा बारीक फवारा थेट इंजिनात मारतो आणि ते दाबानेच पेटतं. "पाण्यात अर्धी बुडाली तरी चालन दादा," दौलत म्हणाला. "हवा घ्याची जागा तेवढी वर पाह्यजे."

"आन् पंप बिघडला तं?"

"बिघडत नाई."

"बिघडला तं?"

"तं नागपूरले न्या लागते. तो इथी कोणी खोलत नाई."

लटारूभाऊ म्हणाले, "म्हंजे मोटर माही, आन् तिच्या पोटात काय हाये ते मले पाहाचंच नाई. पावण्यावानी तिच्यात बसाचं."

सगुणाबाई दौलतच्या बाजूची होती, तोंड सुधारेल म्हणून. गिरणीवाल्यांचं म्हणणं काय वाटेल ते घाला पण पोती वेळेवर आणा. लटारूभाऊ सगळ्यांना विचारत फिरले आणि शेवटी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसले. "तुमी सांगा बाई. कारबोरेटर ठेवू का पंप टाकू?" मला इंजिनातलं काय कळणार! मी म्हटलं, "माझ्या बाळंतिणी ज्या इंजिनाने नाल्यापलीकडे जातील ते टाका." ते म्हणाले, "तेच तं. मलेही तेच दिसून राह्यलं. म्हणून तं झोप नाई."

डिझेलचं इंजिन आलं आणि ते बसवायला दौलत रजा काढून गावात राहिला. आवाज असा की पहिल्या दिवशी शाळेतली पोरं वर्ग सोडून बाहेर आली. लटारूभाऊंनी मोटर मूलला नेली, परत आणली, आणि तळ्याच्या वळणावर त्यांचा हात सवयीने सीटखाली गेला. इंजिन शाळेजवळ बंद पडलं. डिझेलचा कॉक चालत्या इंजिनात बंद केला की नळ्यांत हवा शिरते आणि ती हवा काढल्याशिवाय इंजिन पुन्हा सुरू होत नाही. दौलत धावत आला, पंपाजवळचा नट सैल केला, हाताने तेल चढवून बुडबुडे घालवले. आठवडा झाला नाही तोच पुन्हा तेच. दौलतने कॉकच काढून टाकला आणि सरळ नळी जोडली.

मग लटारूभाऊंनी टाकी संपवली. पेट्रोलवर ते नेहमी तसंच करत. शेवटचा थेंब जळला की डबा ओतायचा आणि पुढे. डिझेलची टाकी कोरडी पडली तशी पुन्हा हवा शिरली. जागा भर जंगलातली, मागे गिरणीची पोती, दौलत गावात. दौलतला करताना बघितलं होतं तसं त्यांनी करून पाहायचं ठरवलं. पण हात पितळेच्या नाजूक कामाला सरावलेले असूनही त्या दिवशी चिडलेले असावेत. पाना जोरात फिरला आणि नटाचा आटा गेला. नागपूरहून दुसरा येईपर्यंत मोटर रस्त्याकडेला उभी होती आणि लटारूभाऊ रोज तिथे जाऊन बसत.

मोटर घरी आल्यावर लटारूभाऊ जांभळं औषध घ्यायला म्हणून आले. खरं तर औषधाची गरज उरली नव्हती; तोंड चांगलं भरून आलं होतं. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "कॉक काढता आला बाई. माही सवय कुठून काढाची? तीस वर्सं एकच करून राह्यलो. मांगं पोती होती म्हणून निभलं. बाई असती तं?"

"शिकाल हळूहळू," मी म्हटलं.

"शिकेपर्यंत कोणाले बसवू?" ते म्हणाले. त्याच आठवड्यात दौलतने नागपूरची नोकरी सोडली आणि मोटर तो चालवू लागला. जुनं इंजिन परत बसवा, असं लटारूभाऊंनी एकदाही म्हटलं नाही. मी त्याची वाट बघत होते, म्हणून मला नक्की आठवतं.

पुढच्या पावसाळ्यात टोल्यावरची तीच बाई आली. दिवस भरले होते, कळा थांबल्या होत्या, आणि ती घाबरून पांढरी पडली होती. नाला आदल्या वर्षीपेक्षा चढलेला. दौलत स्टिअरिंगवर बसला, मी तिच्या उशाशी, आणि लटारूभाऊ मागे खाट धरून उभे राहिले. पाणी फळ्यांच्या फटींतून वर आलं, माझी चप्पल तरंगू लागली. मधोमध आल्यावर त्या बाईने डोळे गच्च मिटले आणि खाटेवर टेकलेला लटारूभाऊंचा हात धरला. त्यांचेही डोळे मिटलेले होते. इंजिन त्याच एका कर्कश आवाजात धडधडत राहिलं, आणि आम्ही पलीकडच्या चढाला लागलो.

चांद्याला मुलगा झाला. सकाळी त्या बाईचा सासरा, जो मोटरीतून आमच्याबरोबरच आला होता, एक कोंबडा काखेत घेऊन तिथल्या दवाखान्याच्या आवारात आला. त्याने मोटरीच्या तोंडाला कुंकू लावलं, दौलतच्या कपाळाला लावलं आणि कोंबडा त्याच्या हातात दिला. "तुह्यामुळं आमचं लेकरू पाह्यलं," म्हणाला. दौलत अवघडून भावाकडे बघू लागला, पण म्हाताऱ्याच्या ते लक्षात आलं नाही. त्याच्या दृष्टीने मागे उभा असलेला माणूस खाट धरायला आला होता.

मला फार वाईट वाटलं. मी लटारूभाऊंच्या जवळ गेले आणि विचारू नये ते विचारलं, "भाऊ, लागलं का मनाला?"

"लागलं तं," ते म्हणाले. "काऊन नाई लागन? पण माह्या हातानं हे पोरगं रडलं नसतं बाई."

एवढं बोलून ते दौलतकडे गेले आणि आपली मोटर परत कधी निघणार आहे, ते त्याला विचारू लागले.