वहिनीचं ताऱ्यांवरचं भाषण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय – आणि सांगताना मधेच हसू येतंय, त्याला काय करू? ते दिवसच इतके आनंदाचे होते.

रशियानं उपग्रह सोडला, त्याच्या पुढच्या वर्षीचा गणेशोत्सव. मुलुंडला आमच्या चाळीत दरवर्षी व्याख्यानं व्हायची. मी बी.एस्सी.ला, म्हणजे चाळीचा शास्त्रज्ञ – वासरात लंगडी गाय शहाणी! माझा विषय जाहीर झाला होता, 'माणूस ताऱ्यांवर जाईल का?' माझ्यानंतर तीन दिवसांनी महिलांचा कार्यक्रम, आणि त्यात माझी कुसुमवहिनी पहिल्यांदाच बोलणार होती. मॅट्रिकला पहिल्या वर्गात आली आणि लगेच लग्न होऊन आमच्या घरी आली, ती. स्वारी भलतीच खुशीत होती. विषय मात्र कुणाला सांगत नव्हती.

मला सांगितला. का, तर आकडे तपासून हवे होते. गॅलरीत करंज्या भरता भरता तिनं अख्खं भाषणच म्हणून दाखवलं. सगळ्यात जवळच्या ताऱ्यावरून प्रकाशालाच यायला चार वर्षांच्या वर लागतात, मग आपल्या अग्निबाणाला हजारो लागणार. म्हणजे निघणारा पोचणारच नाही, पोचतील त्याचे वंशज. मग सोबत सुईण हवी, मास्तर हवा, बी-बियाणं हवं. आणि दहाच कुटुंबं नेली तर तिसऱ्या पिढीत सगळी एकमेकांची भावंडं – लग्नं जमवायची कशी? मी हसून हसून बेजार. ती मात्र थांबली.

"मधल्या पिढ्यांनी निघणं पाहिलेलं नाही, पोचणंही पाहणार नाहीत," ती म्हणाली. "त्यांना कोण समजावणार, भाऊजी? इंजिनापेक्षा मोठी अडचण ती आहे."

माझ्या भाषणात हे काहीच नव्हतं. इंधन होतं, वेग होता, आणि व्याख्यानाच्या दिवशी समोर जांभया देणारी माणसं होती. मग – काय झालं मला? मी सुईण काढली. गोत्रं काढली. मांडव हसायला लागला. मग मधल्या पिढ्या काढल्या, आणि मांडव चिडीचूप झाला. अध्यक्षांनी कौतुकानं विचारलं, हे सुचलं कुणाला? वहिनी समोरच बायकांत बसली होती.

मी म्हणालो, "मलाच."

टाळ्या काय पडल्या! खोटं कशाला बोलू – मला लाज वाटली नाही. मला प्रचंड आनंद झाला. वहिनीकडे बघायचं तेवढं मी टाळलं.

तीन दिवसांनी ती उभी राहिली आणि करंजी तळताना का फुटते यावर बोलली. इतकं झकास बोलली की बायकांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. ताऱ्यांचं नावही तिनं काढलं नाही. घरी मला ती एका शब्दानं बोलली नाही, उलट माझ्या भाषणाचं दादापाशी कौतुक केलं. तिला कळलं नसेल असं तुम्हाला वाटतं? छे.

ते भाषण मी पुढे घाटकोपरला दिलं, अंधेरीला दिलं, बोरिवलीला दोनदा दिलं. दर वेळी तितकीच मजा आली. पुढच्या वर्षी मंडळाच्या बायका वहिनीला पुन्हा बोलवायला आल्या, तेव्हा ती म्हणाली, "भाऊजींना न्या, त्यांना छान जमतं."

आणि मी गेलो.