माझी सम आणि सासऱ्यांची सम

आमचं लग्न ठरलं ते माझ्या गाण्यावर, आणि मला गाणं येत नव्हतं.

माझे मामा बारामतीहून मला घेऊन बोलणी करायला इंदापूरला गेले, तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी सरळ सांगितलं, "बेताल माणसाच्या घरी पोर द्यायची न्हाय." त्यांचा भाजीपाल्याचा मळा होता, पण जीव सगळा पखवाजात. मामा बोलून गेले, "पोरगा तालासुरात गातोय." मी खाली मान घातली. सासऱ्यांनी तो विनय समजला आणि मलाही ते बरं वाटलं.

लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना आला. धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं आणि सोबत निरोप, की जेवणाआधी जावईबापूंचा एक अभंग व्हावा. मी बारामतीतल्या एका भजनी बुवांचे पाय धरले. त्यांनी आठ मात्रा बोटांच्या पेरांवर मोजायला शिकवल्या. गाणं पाचव्या मात्रेवर उचलायचं, मग फिरून पहिली मात्रा आली की ती सम, तिथं मान हलवायची. बाकीचं जेमतेम जमलं, पण मान मात्र आरशासमोर फार छान हलायची.

बायको आधीच माहेरी गेली होती. तिच्याशी तोवर मी धड चार वाक्यं बोललो नव्हतो. आता तिच्याच घरात, तिच्या कानांदेखत माझं पितळ उघडं पडणार, याची मला सासऱ्यांपेक्षा जास्त भीती होती.

ओसरीवर घोंगडी अंथरली होती. गावातले भजनी जमले. सासऱ्यांची थाप समेवर पडली आणि घाबरून माझं तोंड तिथंच उघडलं. पाचवर निघायचं ते मी एकवर निघालो. त्यानंतरचा माझा हिशेब अगदी चोख होता, फक्त चार मात्रा सरकलेला. सगळे माना हलवत तेव्हा मी दगडासारखा बसलेला, आणि मी मोठ्या तोऱ्यात मान हलवी तेव्हा सगळे माझ्याकडे बघत.

पखवाजातली सम मला ऐकू येत नव्हती, कारण मी मोजत होतो. पण नव्या नवऱ्याचा एक कान स्वयंपाकघराकडे असतोच. तिथं ती पाट्यावर पुरण वाटत होती. वरवंटा मधूनच ठणकन आदळे, बांगड्या वाजत, आणि नेमक्या त्याच क्षणी ओसरीवरच्या माना हलत. मी पहिलं कडवं संपवून खोकला आल्याचं सोंग केलं, पेरं सोडून दिली आणि अंदाजानं बांगड्यांच्या आधी चार मात्रा निघालो. सासऱ्यांचा चेहरा खुलला. "पहिल्यांदा जावईबापू आमची गंमत करत हुते," ते भजन्यांना म्हणाले.

परतताना सर्व्हिस मोटारीत मी धीर करून तिला म्हणालो, "तू वाचवलंस मला."

"मी कुठं? मी पुरण वाटत हुते. आबा वाजवाया लागले की माजा हात तसाच चालतोय, ल्हानपणापासनं."

माझं तोंड एवढंसं झालं. माझ्यासाठी काही वाजलंच नव्हतं तर. मी मांडीवरच्या भाजीच्या पिशवीकडे बघत बसलो.

बरंच अंतर गेल्यावर ती बाहेर बघतच म्हणाली, "पर दुसऱ्या कडव्याला तुमी माज्या हातावर आला. ते कळलं मला. मंग मी जरा जोरानं वाटलं."