चाकं तिची, फोर्क त्याचे

सायकलच्या चाकातल्या तारांचा ताण तिला कानाने कळायचा. चाक स्टँडवर फिरवायची, एकेक तार नखाने छेडायची आणि एखादी बद्द वाजली की म्हणायची, "ही रुसलीय." मग छोट्या पान्याने तिची समजूत काढायची. आसपासच्या चार रस्त्यांत सगळे तिला ‘चाकवाली’ म्हणत. डोंगरउतारावर सायकली पळवणाऱ्यांच्या क्लबात मात्र तिला ‘वादळ’ म्हणत. क्लबातल्या उंचापुऱ्या पोरांना मागे टाकून ती खाली यायची आणि वर त्यांनाच विचारायची, "काय रे, वाटेत झोपलात की काय?"

दुकान नवरा-बायकोचं. पुढे काउंटर, मागे दोन टेबलं. डावीकडचं तिचं, त्यावर तारा, रिमा, पाने. उजवीकडचं त्याचं, त्यावर तेलाच्या बाटल्या, रबरी सील आणि हवेचा दाब दाखवणारा काट्याचा पंप. चाकं तिची, फोर्क त्याचे. ही वाटणी आधी झाली आणि लग्न मागाहून. एकाने दुसऱ्याच्या टेबलावरच्या कामात नाक खुपसायचं नाही, असा नियमच होता. इतकी वर्षं भांडण म्हणून नाही ते या नियमामुळे, असं दोघं चारचौघांत सांगत आणि ऐकणारे आपापल्या बायकोकडे नाहीतर नवऱ्याकडे बघत.

फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय. डोंगरातल्या सायकलीला ते आत-बाहेर सरकतात. एका पायात हवा असते, दुसऱ्यात तेल. चाक दगडावर आदळलं की हवा दबून धक्का गिळते आणि तेल फोर्कला बेताने परत वर येऊ देतं. गिऱ्हाइकं यायची ती मित्राचा फोर्क बघून. "सगळ्यात लांब सरकणारा द्या." नवरा चष्म्यावरून बघायचा. "फोर्क काय पँट आहे, लांब घेऊन खालून दुमडायला? कुठे चालवणार ते सांग. वजन सांग. खरं सांग, लग्न जमवताना सांगतात तसं नको."

मग तो माणसाला हेल्मेट, पाण्याची बाटली, पाठीवरची पिशवी, सगळ्या लवाजम्यासह सायकलवर उभं करायचा. फोर्कच्या पायावर एक रबरी कडं असतं. ते खाली सरकवून पायाच्या तोंडाशी बसवलेल्या सीलला टेकवायचं, माणसाने स्वतःचा भार टाकायचा, अलगद उतरायचं. कडं किती सरकलं यावरून हवा बरोबर की जास्त ते कळतं. पाचव्या हिश्श्याइतका तरी फोर्क नुसत्या वजनाने दबायला हवा. त्यानंतर लाल नॉब, दबलेला फोर्क किती वेगाने परत येईल ते ठरवणारा. तो फिरवताना नवरा डोळे मिटून खटके मोजायचा, ओठ हलायचे. बाई, पूजेला बसल्यासारखा! तिला तो तेव्हा फार आवडायचा. तिच्या फोर्कचेही खटके तोच मोजायचा. दर आठवड्याला हवाही तोच भरायचा. तिने कधी पंपाला हात लावला नाही. चाकवालीने फोर्कवाल्यावर पंप धरायचा म्हणजे नवऱ्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणण्यातलाच प्रकार.

तीन वर्षांपूर्वी ती पडली. उताराच्या मध्यावर एक दगडी पायरी होती, तिथे पुढचं चाक घसरलं आणि खांद्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात नवऱ्याने तिला भरवलं, केस विंचरले, तिच्या टेबलावरची चाकंही रात्रंदिवस खपून गिऱ्हाइकांना दिली. ती बरी झाली तेव्हा दुकानात तिच्या सायकलला नवाकोरा फोर्क लावलेला होता. जाड पायांचा, भारीतला. "जुन्याचे पाय बारीक होते, पिळवटायचे," तो म्हणाला. "यावर तू पडणार नाहीस." तिला रडू आलं होतं.

आणि खरंच, ती पुन्हा पडली नाही. पडण्याइतक्या वेगाने ती पुन्हा गेलीच नाही.

पहिल्याच दिवशी तिला जाणवलं की चाक जमीन धरत नाही. दगड आला की पुढचा टायर त्यावरून उडतो आणि मनाला येईल तिकडे जातो. तळहात बधिर व्हायचे. ती ब्रेक दाबायची. पुढच्या वेळी जरा आधी दाबायची. नवऱ्याला विचारलं तर तो तिचा मोडलेला खांदा चोळत म्हणाला, "एवढं हाड मोडल्यावर अंगात भीती बसतेच गं. वेळ लागतो." फोर्कवरचं कडं कधी अर्ध्याच्या पुढे सरकायचं नाही. तेही तिने स्वतःच्याच खात्यावर टाकलं. एवढं हळू उतरल्यावर फोर्क दबणार तरी कशाला?

बरं, फोर्क त्याचा, म्हणजे तो चुकणं शक्यच नाही. राहिलं चाक, आणि चाक तिचं. तिने पुढचं चाक उकललं. सगळ्या तारा काढल्या, नव्या ओवल्या, कान लावून ताणल्या. फरक पडेना. पुन्हा उकललं. मग रिम बदलली. मग तारा जिथे अडकतात तो मधला तुंबा बदलला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तेव्हा उजवीकडच्या टेबलावर तो मान खाली घालून दुसऱ्या कुणाचा तरी फोर्क साफ करत असायचा. एकदा तर उठून त्याने तिला चहा करून दिला. "नाद सोड," म्हणाला, "चाक चांगलंच आहे."

क्लबात आधी सगळ्यांनी सांभाळून घेतलं, मग चिडवलं, मग चिडवणंही थांबलं, आणि ते तिला जास्त लागलं. ‘वादळ’ म्हणायचं सोडून पोरं ‘मॅडम’ म्हणू लागली. यंदाच्या शर्यतीआधी तिने स्वतःच जाहीर केलं की आपण उतरणार नाही, यापुढेही नाही. "मी भित्री झाले," असं हसून म्हणाली. त्या संध्याकाळी घरी येऊन ती कपडे न बदलता पलंगावर बसून राहिली. चाळीस वर्षं जिला ओळखत होतो ती बाई आपण नव्हेच, असं तिला वाटत होतं. नवरा शेजारी बसला आणि पाठीवरून हात फिरवत राहिला. "बरंच झालं," तो म्हणाला.

सायकल दुकानात खुंटीला टांगली. ती तशीच राहिली असती, पण एका रविवारी सकाळी तिचा धाकटा भाऊ आला. हा बेकरीत पिठाची पोती उचलतो. उंची दोघा भावंडांना आईची मिळाली, रुंदी मात्र सगळी यानेच घेतली, म्हणून लहानपणापासून त्याचं नाव गब्दुल. त्याला नुकताच डोंगराचा नाद लागला होता आणि त्याची सायकल नेमकी दुरुस्तीला पडलेली.

"ताई, तुझी नेऊ? मोडणार नाही, शप्पथ."

"ने. तिला तरी हवा लागू दे."

नवरा सील आणायला घाऊक बाजारात गेला होता. तो असता तर बहुतेक त्याने सायकल दिली नसती.

दुपारी गब्दुल परतला तो चिखलाने माखलेला आणि लग्नातल्या नवरदेवासारखा खुशीत. "ताई! अगं गादी आहे, गादी! दगड आहेत की नाहीत तेच कळत नव्हतं. भावोजींनी माझ्या वजनाला लावून ठेवला होता का?"

"तुझ्या वजनाला लावला तर मी बसल्यावर तो हलेल का, येड्या?" ती हसत म्हणाली. आणि हसता हसताच तिची नजर फोर्कवर गेली. कडं जवळजवळ वर टेकलं होतं. जिथे असायला हवं, अगदी तिथे. भाऊ वजनाने तिच्या दुप्पट नसला तरी दुपटीला फार कमीही नव्हता.

"गब्दुल, जरा सायकल धर."

तिने उजव्या टेबलावरचा पंप उचलला. संसारात पहिल्यांदा. नळी लावली आणि काटा बघितला. कुणाला किती हवा, ते आकडे रोज कानावर पडून तिला पाठ होते. हा आकडा तिचा नव्हता, गब्दुलसारख्याचा होता. लाल नॉब फिरवून बघितला तर तोही जवळजवळ बंद, म्हणजे दबलेला फोर्क वेळेत वर यायचाच नाही. तरी तिचं मन म्हणत होतं, चूक झाली असेल, दगदगीत एखाद्या गिऱ्हाइकाचा आकडा या फोर्कला भरला असेल. तिने सगळी हवा सोडली, पाना लावून वरचं टोपण उघडलं. टोपणाखाली प्लॅस्टिकच्या जाड चकत्या अडकवतात. आत चकती टाकली की हवेला जागा कमी आणि फोर्क शेवटी शेवटी आणखी कडक. तिच्या अंगकाठीच्या माणसाला नवरा एकही टाकत नसे. टोपण बाहेर आलं ते चकत्यांची उतरंड घेऊनच. मावतील तेवढ्या कोंबल्या होत्या.

हवा चुकून जास्त होते. चकत्या चुकून आत जात नाहीत.

"ताई, काय झालं? मी काही मोडलं का?" गब्दुल घाबरून विचारत होता. तिने नकारार्थी मान हलवली. काखेत कळसा होता आणि तीन वर्षं ती गावाला वळसा घालत बसली होती.

नवरा आला तेव्हा त्याच्या टेबलावर ते टोपण होतं, चकत्यांसकट. त्याने पिशवी खाली ठेवली आणि स्टुलावर बसला. गब्दुल कधी नव्हे तो समजूतदारपणे बाहेर जाऊन फुटपाथवर उभा राहिला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून." त्याने चष्मा काढला. "तुला स्ट्रेचरवरून नेताना बघितलंय मी. नको म्हटलं असतं तर ऐकलं असतंस? सांग ना, ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"मग? जिवंत आहेस ना? माझा जीव आहे तुझ्यावर म्हणून..."

"म्हणून माझं चाक उकलू दिलंस? मी चारदा उकललं ते! तू इथे बसून बघत होतास. चहा दिलास मला. मी स्वतःला भित्री म्हणाले, सगळ्यांसमोर म्हणाले, आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास." तिचा आवाज चिरकला. "अरे, पाय बांधून ठेवले असतेस तरी चाललं असतं. निदान दोरी दिसली असती."

केसाने गळा कापणारा माणूस वाईट असला तर सोपं असतं, शिव्या देऊन मोकळं होता येतं. हा तर तिचे केस विंचरणारा होता. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त किळस आली ती स्वतःच्या भरवशाची. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी तिने दुकान उघडलंच नाही. चकत्या सगळ्या काढल्या, गब्दुलला सायकल धरायला लावून स्वतःच्या वजनाला हवा भरली, लाल नॉबचे खटके डोळे उघडे ठेवून मोजले आणि सायकल घेऊन डोंगरावर गेली.

पहिल्या वळणालाच तिला कळलं. टायर जमिनीला चिकटून चालला होता. मुळं, खडी, गोटे, सगळं फोर्क गिळत होता आणि तळहातांपर्यंत नुसती कुजबुज येत होती. तिच्या तोंडून आरोळी निघाली. वेग वाढला, वारा कानात घुसला आणि तीन वर्षांनी ती पुन्हा तीच होती. मग ती दगडी पायरी आली. फोर्कला त्या पायरीची काहीच अडचण नव्हती. पण हातांनी ब्रेक दाबले. तिने दाबले नाहीत, हातांनी दाबले.

ती मागे गेली, पुन्हा आली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने स्वतःला मोठ्याने शिवी घातली, तरी पायरीच्या तोंडाशी बोटं आवळलीच. फोर्क एका दुपारीत सुधारला होता, पण बोटांना कोणता पाना लावायचा? शेवटी ती उतरली आणि सायकल हाताने धरून पायी खाली आली.

खाली नवरा उभा होता. गब्दुलने सांगितलं असणार. पळत आल्यामुळे त्याला धाप लागली होती. त्याने तिला पायी येताना बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. चोरून नाही, अगदी मनापासून. ताप उतरल्यावर आईचा चेहरा होतो तसा. तिने ते बघितलं. कालचं सगळं तिला जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं.

"बरं झालं उतरलीस," तो म्हणाला आणि सायकल घ्यायला हात पुढे केला. "चल, घरी जाऊ."

"हात लावू नकोस." तिने सायकल वळवली. "वरची भीती माझी आहे की तू भरलेली, ते मला अजून कळलं नाही. कळेपर्यंत जाणार."

"अगं, पण पडलीस तर?"

"तर उचलायला गब्दुलला हाक मार," ती म्हणाली आणि सायकल ढकलत पुन्हा चढाला लागली.