शेजारच्या खोलीतली हाक

उल्हासनगरात माझा स्टुडिओ आहे असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेचं दार आणि थंडगार एसी येतो. प्रत्यक्षात तो फर्निचरच्या गोदामावरचा एक गाळा आहे. खाली करवत सुरू झाली की वर गाणं थांबवायचं, हा आमचा नियम. इथे हळदीची गाणी होतात, जयंतीची होतात, नगरसेवकांच्या वाढदिवसाची होतात. त्यातलं काहीच नसेल तेव्हा सेलच्या जाहिराती होतात. रिक्षावर भोंगा बांधून त्या गल्लोगल्ली वाजवतात आणि लोक त्यांना शिव्या घालतात. त्या शिव्यांवर माझं घर चालतं.

गाळ्यात अभिमानानं दाखवावी अशी एकच वस्तू आहे, माझा कॉम्प्रेसर. फ्रिजचा नाही, हे दर वेळी सांगावं लागतं. मुंबईतला एक जुना स्टुडिओ बंद पडला तेव्हा मी तो उचलून आणला. लोखंडी, जड, पुढे चार-पाच नॉब आणि मध्ये थरथरत्या काट्याचं पिवळं मीटर. काम सोपं आहे. गाणारा मध्येच ओरडला की हे यंत्र तेवढा आवाज दाबतं आणि मग सगळंच वर उचलतं. मोठं असतं ते आवरतं आणि बारीक असतं ते पुढे येतं. कुजबुजसुद्धा कानाशी येऊन बसते. गिऱ्हाइकांना नेमकं हेच हवं असतं. खालचा सिंधी दुकानदार जाहिरात करायला वर आला की त्याचं एकच मागणं, साईं, आवाज आगे लाओ, एकदम कान के पास. मी आणतो. आता हे काम कॉम्प्युटरमध्येही होतं, आणि माझ्याहून तरुण लोक मला ते कानीकपाळी ओरडून सांगतात. सांगोत बापडे. काटा हलताना दिसला नाही तर मला माणूस गातोय असं वाटतच नाही.

बाबांना या यंत्राचं काडीचंही कौतुक नव्हतं. अंबरनाथच्या एका कंपनीत त्यांचं आयुष्य गेलं, तेही मशीनच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात. आवाज कमी करायचं मशीन असेल तर सांग, बाकी तुझ्या भानगडी तुझ्याकडे ठेव, असं ते म्हणायचे. निवृत्तीनंतर आम्ही बदलापूरला, खरवईत घर घेतलं. तिथे ते शांत बसायला शिकले आणि हळूहळू विसरायलाही लागले. आधी चष्मा, मग गॅस, मग माझ्या बायकोचं नाव, मग माझं. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि त्याला औषध नाही हे त्याच दमात सांगून टाकलं. मी त्या डॉक्टरवर चिडलो. चिडायला समोर दुसरं कोणी नव्हतं.

शेवटी शेवटी बाबांचं स्वतःचं नावही गेलं. बँकेत, दवाखान्यात कुणी नाव पुकारलं तर ते दुसऱ्या कुणाला बोलावतायत अशा चेहऱ्यानं इकडेतिकडे बघायचे. एक गोष्ट मात्र शाबूत होती. जेवणाच्या वेळी आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अवो, या ना. ताट वाढलंय." मोठ्यानं नाही. आईचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही. पण बाबा असतील तिथून "आलो" म्हणायचे, उठायचे, मोरीवर जाऊन हात धुवायचे आणि ओल्या हातांनी पाटावर येऊन बसायचे. त्यांचं सगळं आयुष्य पुसलं गेलं होतं, पण हाक, आलो, मोरी आणि ताट एवढं त्यातून वाचलं होतं. मी दुपारी घरी असलो की हे बघायला मुद्दाम थांबायचो. त्या वेळेपुरते ते माझे बाबा असायचे.

आणि एका सकाळी ते घरातून निघून गेले. दार उघडं राहिलं होतं असंही नाही. कडी काढायला ते विसरले नव्हते, एवढंच.

पोलिसांत तक्रार दिली, फोटो दिला, नातेवाईक दोन-दोन करून स्टेशनकडे, नदीकडे, बाजाराकडे गेले. मी माझ्या धंद्याच्या वाटेनं गेलो. जाहिराती वाचणाऱ्या माणसाला बोलावलं आणि त्याच्या खणखणीत आवाजात निवेदन करून घेतलं. नाव, वय, उंची, अंगात पांढरा पायजमा आणि निळा स्वेटर, खाली फोन नंबर. मराठीत एकदा, हिंदीत एकदा. ओळखीचा रिक्षावाला भोंगा बांधून दुपारपासून फिरायला लागला. मी त्याच्यासोबत बसलो होतो. एकाही माणसानं मान वर केली नाही. का करतील? त्याच आवाजात आदल्या आठवड्यात सोफासेटवर सूट मिळत होती. लोकांच्या कानांना मीच निबर केलं होतं.

संध्याकाळी घरी येऊन मी आईला ते निवेदन ऐकवलं. तिनं ते पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "नावानं हाक मारून ते येतील होय? त्या नावानं त्यांना कंपनीत ओळखायचे."

आईनं स्वतः ते नाव लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं तेव्हाही तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी सांगितलं. पण तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. ज्या हाकेला बाबा उठत होते, ती जगात एकाच माणसाकडे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला स्टुडिओत आणलं. स्पंज लावलेल्या त्या छोट्या खोलीत माइकसमोर उभं केलं. तिनं भिंतींकडे बघितलं, माइककडे बघितलं, आणि इथे कुणाला हाक मारू असं मलाच विचारलं. तरी तिनं प्रयत्न केला. आधी पुटपुटली. मोठ्यानं म्हण म्हटल्यावर ओरडली, आणि ते ओरडणं ऐकून तीच दचकली. तो तिचा आवाजच नव्हता. भाजीवालीला वरून थांबवणाऱ्या बाईचा होता तो. बाबांनी तो आयुष्यात ऐकला नव्हता.

मी कॉम्प्रेसर रॅकमधून काढला, चादरीत गुंडाळला आणि आईसकट घरी आणला. स्वयंपाकघराच्या दारात माइक लावला. आईनं कुकर लावला, भाकऱ्या केल्या, बाबांचा पाट मांडला, ताट वाढलं. हे सगळं मी सांगितलं नव्हतं. ताट वाढल्याशिवाय ताट वाढलंय असं ती म्हणणार नव्हती. मग दाराकडे वळून नेहमीच्या आवाजात तिनं हाक मारली. "अवो, या ना. ताट वाढलंय."

काटा जेमतेम हलला. एवढा बारीक आवाज भोंग्यावर टाकला असता तर रिक्षाच्या इंजिनातच बुडाला असता. मी दाबायची मर्यादा खाली आणली, पार तळाला. तिच्या हाकेत मोठं असं जे काही होतं ते दाबलं आणि मग सगळं उचललं, आणखी उचललं. हाक तशीच मऊ राहिली, पण भिंतीसारखी भक्कम झाली. ओरडणं नाही आणि तरी गल्लीभर ऐकू येईल अशी. तिच्यासोबत मागचंही सगळं वर आलं, कुकरची सुस्कारणारी शिट्टी, पंख्याची कुरकुर, वाटी ताटात ठेवल्याचा आवाज. एरवी मी असला कचरा साफ करतो. तो तसाच ठेवला. हे आपलं घर आहे हे त्यांना त्यावरून ओळखू येईल, असं मला वाटलं.

रिक्षा गल्लीच्या टोकाला उभी करून आम्ही वाजवून बघितलं. मी आमच्या दारात उभा होतो. हाक लांबून आली असं वाटलंच नाही. आई मागच्या खोलीतून बोलावतेय असं वाटलं. शेजारच्या काकू चक्क आमच्या घरात डोकावल्या आणि आले का हो ते, असं आईला विचारलं. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मी खूश झालो. इतकं चांगलं काम माझ्या हातून याआधी झालं नव्हतं.

रिक्षा खरवईत फिरली, बदलापूरच्या बाजारातून फिरली, सोनिवलीच्या नव्या इमारतींमधून फिरली. हाक, आणि मागून निवेदन. या वेळी लोकांनी माना वर केल्या. बायका गॅलरीत आल्या. एक म्हातारे गृहस्थ, ज्यांचा आमचा काही संबंध नव्हता, रिक्षाच्या मागे नाक्यापर्यंत चालत आले आणि मग ओशाळून परत फिरले. दोघातिघांनी फोन केले, पण ते सगळे दुसऱ्याच कुणाला तरी बघून केलेले होते. आई दर जेवणाला ताट वाढून बसत होती आणि ते झाकून ठेवत होती.

बाबा सापडले ते सोनिवलीत, एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत. लिफ्टच्या खड्ड्यात. लिफ्ट अजून बसवली नव्हती, खड्ड्याला आडवी फळीही नव्हती, आणि आत कमरेइतकं पाणी साचलं होतं. पोलिसांनी बोलावलं तेव्हा मी एकटा गेलो. बाकीचं लिहीत नाही.

पंचनामा चालू असताना तिथला वॉचमन माझ्याजवळ येऊन उभा राहिला. परगावचा, नवाच आलेला माणूस. घाबरला होता. त्यानं बाबांना आदल्या दिवशी बघितलं होतं, चहाही दिला होता. घर देखने आया हूँ, असं बाबा त्याला म्हणाले होते. अशा इमारतींवर दिवसभर फ्लॅट घेतलेली माणसं येऊन आपलं घर बघत फिरतात, म्हातारीसुद्धा, त्यामुळे त्याला वावगं वाटलं नाही. निवेदनात निळा स्वेटर सांगितला होता, तो बाबांच्या अंगात नव्हता. मी त्याला दोष देऊ शकलो नाही, आणि दोष द्यायची मला फार इच्छा होती.

मग तो म्हणाला, "वो रिक्षा आता था ना, लेडीज का आवाज वाला? चाचा हर बार बोलते थे, आलो, आलो. और अंदर चले जाते थे."

मी विचारलं, अंदर? रस्त्याकडे नाही?

"नहीं साहब. अंदर. जैसे अंदर से ही कोई बुला रहा हो."

तिथे उभ्या उभ्या मला सगळं कळलं, आणि माझ्या धंद्यातल्या माणसाला ते जितकं नीट कळतं तितकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही. लांबचा आवाज बारीक असतो, जवळचा मोठा असतो. कान अंतर त्यावरून मोजतो. माझं यंत्र नेमका तो फरक पुसून टाकतं. रिक्षा रस्त्यावर होती, पण हाक शेजारच्या खोलीतली होती, कुकरसकट, पंख्यासकट, वाटीच्या आवाजासकट. सिमेंटच्या उघड्या भिंतींनी ती आणखी घुमवली असणार. बाहेर जायचं त्यांना काही कारणच नव्हतं. ते स्वयंपाकघर शोधत होते.

कुणाचं काय चुकलं याचा हिशेब मी मांडत नाही. त्या हाकेवाचून बाबांपर्यंत काहीच पोचलं नसतं, हेही खरं आहे. पण मला राग येतो. त्या बिल्डरचा येतो, त्या न लावलेल्या फळीचा येतो, आणि एवढं सुंदर काम करणाऱ्या माझ्या हातांचा येतो. तो राग ठेवायला मला अजून जागा सापडलेली नाही.

आईला आम्ही एवढंच सांगितलं की एका नव्या इमारतीत पडले, डोक्याला लागलं, लगेच गेले. पाण्याचं सांगितलं नाही. सगळं आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, ती स्वयंपाकघराच्या दारात बसली होती, माइक लावला होता त्याच जागी. मी शेजारी बसलो. मग तिनं विचारलं, माझी हाक त्यांच्यापर्यंत पोचली का?

खोटं बोलायची गरज नव्हती. मी म्हणालो, पोचली. तिथल्या वॉचमननं ऐकलं. "आलो" म्हणाले.

तिचा चेहरा एकदम सैल झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. हाक मारली आणि आले नाहीत असं त्यांनी कधी केलं नाही, असं ती म्हणाली. पदरानं डोळे पुसले. आणखी थोडा वेळ मोरीकडे बघत राहिली.

"म्हणजे हात धुवायला गेले असतील आधी," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.